दहा वर्षांच्या मुलीला टँकवरच्या वॉटरपोलो ग्रुपमध्ये घालावं का?

मेघना_पुणे

नमस्कार मंडळी. थोडा सल्ला हवा आहे, आणि ज्यांची मुलं या वाटेने गेली आहेत त्यांचे अनुभव हवे आहेत.

माझी मुलगी दहा वर्षांची, मुलगा सात. दोघंही उन्हाळी बॅचमध्ये पोहायला शिकली आणि नंतर मासिक पास काढून टँकवर जात राहिली. मुलीचं फ्रीस्टाइल आणि बॅकस्ट्रोक छान झालंय, खोल बाजूला बिनधास्त सूर मारते. ब्रेस्टस्ट्रोकची किक अजून बसली नाहीये. या टँकवर जुन्या खेळाडूंनी आणि काही पालकांनी मिळून एक छोटा क्लब चालवला आहे. तिथल्या सरांनी परवा मला थांबवून विचारलं, "हिला संध्याकाळच्या ग्रुपला पाठवता का?" आठवड्यातले तीन दिवस पोहणं, दोन दिवस वॉटरपोलो, म्हणजे दोन संघांनी पाण्यात पोहत चेंडू समोरच्यांच्या गोलमध्ये टाकायचा खेळ.

माझ्या मनात काय चाललंय ते सांगते. मुलगी वेगवान नाही. टँकच्या वार्षिक स्पर्धेत ती शेवटून दुसरी आली आणि घरी येऊन उशीत तोंड घालून रडली. त्यानंतर "मला रेस नको" हे तिचं ठाम आहे. पण चेंडू हातात आला की ती वेगळीच होते, हे मी स्वतः पाहिलंय. दुसरीकडे, मोठ्या मुलांचा एक सामना कठड्यावरून पाहिला तर नुसती ओढाओढी. सासूबाईंना काळजी, की थंडीत संध्याकाळी ओल्या केसांनी येणार. आणि पुढच्या वर्षी सहावी.

धाकट्यालाही जायचंच आहे, तो तर आत्ताच टोपी घालून घरात फिरतोय.

काय करावं?

रानवारा

घाला. मुलीला आवडतंय, सरांना मुलगी आवडली आहे, टँक घराजवळ आहे. अजून काय हवं?

नंदू_पार्ले

मेघनाताई, मी शाळा-कॉलेजात वॉटरपोलो खेळलो, आता माझा पुतण्या खेळतो. तुम्ही पाहिलेली ओढाओढी खरी आहे, पण ती मोठ्यांच्या सामन्यातली. दहा वर्षांच्या मुलांना पहिले कित्येक महिने तसलं काही करू देत नाहीत. काय शिकवतात ते सांगतो.

पहिली गोष्ट म्हणजे उभं राहणं. वॉटरपोलोत तळाला पाय टेकवायचे नसतात, त्यामुळे सामना असतो तेवढा वेळ पाण्यात लटकून राहावं लागतं. त्यासाठी एगबीटर नावाची किक असते. खुर्चीत बसल्यासारखं बसायचं, पाठ सरळ, गुडघे बाहेर, आणि दोन्ही पाय आळीपाळीने आतल्या अंगाला गोल फिरवायचे, ताक घुसळताना रवी जशी उलटसुलट फिरते तसे. एक पाय खाली दाबत असताना दुसरा वर येत असतो, त्यामुळे शरीर वरखाली होत नाही आणि दोन्ही हात मोकळे राहतात. आमचे सर दोन्ही हात कोपरापर्यंत पाण्याबाहेर धरायला लावायचे आणि त्याच अवस्थेत टँकची रुंदी पार करायला सांगायचे. पहिल्या दिवशी मांड्या पेटतात. महिन्याभराने मुलं तशीच उभी राहून गप्पा मारायला लागतात.

दुसरी गोष्ट, चेंडू एका हाताने धरणं. गोलकीपर सोडून कुणालाच दोन्ही हात लावता येत नाहीत. मुलांचा पंजा लहान, म्हणून त्यांना छोटा चेंडू देतात.

आणि तिसरी, बघणं. मान पाण्याबाहेर ठेवून पोहायचं आणि आपला कोण, समोरचा कोण, मोकळी जागा कुठे, हे हेरायचं. तुमची मुलगी शर्यतीत मागे पडते म्हणता, पण पाण्यातल्या सात जणांत जो आधी बघतो तो आधी पोचतो. आमच्या संघातला सगळ्यात हुशार पासर शर्यतीत कधीच पहिल्या तिघांत नसायचा.

आसावरी_ज

माझं मत वेगळं आहे, आणि जरा स्पष्ट लिहिते. माझी दोन्ही मुलं स्पर्धात्मक पोहतात. दहाव्या वर्षी स्ट्रोक घडत असतो. त्याच वयात मान वर काढून पोहायची सवय लागली की कंबर खाली जाते, पाय बुडतात, आणि ते नंतर सुधारताना मूल आणि कोच दोघंही मेटाकुटीला येतात. ब्रेस्टस्ट्रोकची किक बसलेली नाही असं तुम्हीच म्हणताय. आधी चारही स्ट्रोक नीट होऊ द्या, बारा-तेराव्या वर्षी वॉटरपोलो सुरू केला तरी काही बिघडत नाही.

शिवाय एकदा शेवटून दुसरी आली म्हणून शर्यत सोडायची का? हरण्याची सवयही व्हायला हवी ना.

नंदू_पार्ले

आसावरीताई, मान वर काढण्याचा मुद्दा बरोबर आहे. म्हणूनच सरांनी तीन दिवस पोहणं आणि दोनच दिवस चेंडू असं ठेवलंय. ब्रेस्टस्ट्रोकच्या किकबद्दल मात्र उलट सांगेन. एगबीटरमध्ये पायाची तीच हालचाल एकेका पायाने होते. ज्यांचा घोटा बाहेर वळत नव्हता त्यांची किक मी याच सरावात सुटलेली पाहिली आहे.

अण्णा_कोल्हापूर

आमच्या वेळी क्लब नव्हता, फी नव्हती, टोपी नव्हती. थोरल्या भावानं पाठीला पत्र्याचा डबा बांधला आणि विहिरीत ढकललं. काहींना पांगाऱ्याच्या लाकडाचा बिंडा. डबा सुटला तो दिवस म्हणजे पोहायला आलं तो दिवस. मग काय, मोटेच्या धावेवरून मुटका मारायचा आणि ज्याचं पाणी सगळ्यात उंच उडेल तो जिंकला. रंकाळा, पंचगंगा, कोटीतीर्थ, कुठंही नेऊन सोडा.

पण म्हणून मी क्लबला नाही म्हणणार नाही. आमच्या कोल्हापूरचाच वीरधवल खाडे २००८ साली सोळाव्या वर्षी बीजिंग ऑलिंपिकला गेला आणि २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायचं कांस्य घेऊन आला. त्याआधीचं आशियाई पोहण्यातलं आपलं पदक १९८६ चं, सोलमध्ये खजानसिंगचं रौप्य. मध्ये चोवीस वर्षं गेली. विहिरीनं पोहायला शिकवलं, पण पदकासाठी तलाव, कोच आणि रोजची शिस्त लागली. पोरीला पाठवा, ताई.

सातारकर

अण्णा, विहिरीच्या आठवणी माझ्याही आहेत आणि गोड आहेत. पण आमच्या गावात विहिरीत आणि कृष्णेत गेलेली मुलंही आहेत. भावाने ढकललं आणि मूल वर आलं, त्यांच्याच गोष्टी आपण सांगतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात वर्षाला सुमारे ३ लाख माणसं बुडून जातात, आणि त्यात लहान मुलांचं प्रमाण मोठं आहे. बुडणारं मूल बहुतेक वेळा ओरडत नाही, हात हलवत नाही. तोंड पाण्याच्या पातळीला असतं, श्वास घ्यायलाच वेळ पुरत नाही तर हाक कुठून मारणार? शेजारी उभ्या असलेल्या माणसालाही कळत नाही.

म्हणून मला वॉटरपोलोचं सगळ्यात मोठं आकर्षण पदकाचं वाटत नाही. टँकवर शिकलेली पुष्कळ मुलं पंचवीस मीटर सपासप जातात, पण मध्येच थांबायला सांगितलं की घाबरतात, कारण त्यांना कठड्यापासून कठड्यापर्यंतच पोहता येतं. जागच्या जागी तरंगत राहणं, तोंडावर पाणी उडत असताना श्वास घेणं, कुणी अंगावर आलं तरी गांगरून न जाणं, हे त्यांना कुणी शिकवलेलंच नसतं. या खेळात ते पहिल्याच महिन्यात शिकवतात. नदीत, समुद्रात, धबधब्याखालच्या डोहात जीव वाचतो तो यानेच. अर्थात त्या जोरावर मुलांना एकटं नदीवर सोडू नये, हेही लिहून ठेवतो.

डॉ_अवनी

मेघनाताई, मी बालरोगतज्ज्ञ आहे, आणि टँकवाल्या मुलांच्या तक्रारी रोज बघते.

सासूबाईंना सांगा, सर्दी विषाणूमुळे होते, ओल्या केसांमुळे नाही. पण पोहून झाल्यावर मूल गारठतं हे खरंय, त्यामुळे टॉवेल, कोरडे कपडे, कानटोपी आणि लगेच काहीतरी गरम खाणं, एवढी सोय ठेवा. त्यांची काळजी अगदीच अनाठायी नाही.

कानाचं दुखणं जास्त होतं. पाणी आत राहिलं की कानाच्या बाहेरच्या नळीला सूज येते, कानाची पाळी ओढली तरी मूल कळवळतं. डोकं दोन्ही बाजूंना कलवून पाणी जाऊ द्या, टॉवेलच्या टोकाने बाहेरून टिपा, आत कापसाच्या काड्या घालू नका. कानाचा पडदा फाटलेला असेल किंवा कानात नळी बसवली असेल तर आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना विचारा.

डोळे लाल होतात ते बहुतेक वेळा नुसत्या क्लोरीनने होत नाहीत. क्लोरीन घामाशी आणि लघवीशी मिसळून जी संयुगं तयार होतात ती झोंबतात, आणि टँकचा म्हणून जो उग्र वास आपण ओळखतो तोही त्यांचाच. वास जास्त म्हणजे पाणी जास्त स्वच्छ, हा समज उलटा आहे. म्हणून पाण्यात उतरण्याआधी शॉवर घ्या आणि लघवीला जाऊन या, हा नियम जिथे खरोखर पाळून घेतात तो टँक चांगला. जुलाब झालेलं मूल पूर्ण बरं होईपर्यंत टँकवर नको.

दम्याची मुलं पोहू शकतात, खूप जण छान पोहतात. इन्हेलर मात्र बॅगेत हवा आणि सरांना माहीत हवं. फिट येण्याचा इतिहास असेल तर डॉक्टरांच्या परवानगीशिवाय आणि खास त्या मुलावर लक्ष ठेवणारा माणूस असल्याशिवाय अजिबात नाही.

आणि एक गोष्ट पोटतिडकीने सांगते. पाण्याखाली कोण जास्त वेळ राहतं, अशी पैज मुलं लावतात. भराभर मोठे श्वास घेऊन बुडी मारली की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, मग श्वासाची ओढ उशिरा लागते आणि त्याआधीच शुद्ध हरपते. उत्तम पोहणारी मुलं यात गेली आहेत. ही पैज घरीच बंद करा.

रानवारा

डॉक्टर, हा प्रतिसाद छापून टँकच्या भिंतीवर लावायला हवा.

सिडनीकर_मनीष

इकडे ऑस्ट्रेलियात आणि शेजारी न्यूझीलंडमध्ये लहान मुलांसाठी फ्लिपाबॉल असतो. वॉटरपोलोचीच धाकटी आवृत्ती. उथळ पाणी, छोटा चेंडू, पाय टेकवायची मुभा, धक्काबुक्की नाही. माझी मुलगी त्यातूनच सुरू झाली आणि आता मोठ्या गटात खेळते. पालकांपैकी कुणी गुण लिहितं, कुणी घड्याळ बघतं, कुणी सामन्यानंतर संत्री सोलून देतं. आमचं घर सोडलं तर तिथे मराठी कुणी नाही, पण त्या पालकांशी जेवढी ओळख झाली तेवढी शेजाऱ्यांशी नाही झाली.

मेघना, तुझ्या धाकट्यासाठी सरांना असंच काही सुचवून बघ. उथळ बाजूला दोन बादल्या गोल म्हणून ठेवल्या तरी मुलं अर्धा तास खेळतात.

मुलींसाठी म्हणून सांगतो, ऑलिंपिकमध्ये पुरुषांचा वॉटरपोलो १९०० पासून आहे, पण बायकांचा यायला २००० उजाडलं. ते इथेच, सिडनीत, आणि पहिलं सुवर्ण ऑस्ट्रेलियाच्या मुलींनीच घेतलं. इथल्या जुन्या खेळाडू बायका तो सामना अजून काल झाल्यासारखा सांगतात.

शर्वरी_के

सगळ्यांनी पाण्यातलं लिहिलं, मी पाण्याबाहेरचं लिहिते. मेघना, हे विचारल्याशिवाय प्रवेश घेऊ नकोस.

मुलींच्या चेंजिंग रूमला स्वतंत्र, बंद होणारं दार आहे का? त्या वेळेला तिथे बाई कर्मचारी असते का? मोठ्या माणसांची बॅच आणि मुलांची बॅच एकाच वेळी एकच चेंजिंग रूम वापरतात का? पालकांना कठड्याजवळ बसू देतात का? "पालक असले की मुलं नीट शिकत नाहीत" म्हणून गेटबाहेर थांबवणारी जागा आम्ही पाहिली आणि तिथून सरळ परत आलो. लांब बसवा, बोलू नका म्हणा, ते ठीक. पण पालकाला मूल दिसलंच पाहिजे.

वॉटरपोलोत स्पर्श होतोच, म्हणून मुलीला खेळातला स्पर्श आणि नको असलेला स्पर्श यातला फरक आधी सांगून ठेव. "तुला नको वाटलं की पाण्याबाहेर यायचं, कुणाची परवानगी लागत नाही", हे वाक्य माझ्या मुलीला पाठ आहे. आणि बाहेर आल्यावर कुठल्याही सरांनी तिला रागावलेलं मी चालवून घेणार नाही.

संजय_नागपूर

व्यावहारिक मुद्दा. शालेय क्रीडा स्पर्धांत जलतरणाबरोबर वॉटरपोलोही असतो. दहावी-बारावीला क्रीडा गुण मिळतात, राज्य सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, आणि सेनादल आणि रेल्वे यांचे संघ वर्षानुवर्षं खेळाडू घेत आलेत. अटी बदलत असतात, त्यामुळे जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन नीट विचारा आणि प्रत्येक प्रमाणपत्राची प्रत जपून ठेवा.

आसावरी_ज

संजय, माहिती उपयोगाची आहे, पण दहा वर्षांच्या मुलीच्या डोक्यात हे गुणांचं गणित घालू नये. आमच्या टँकवर दहावी झाल्या झाल्या निम्मी लेन रिकामी होते. गुण मिळाले, टँक सुटला.

संजय_नागपूर

मुलीच्या नाही, आईच्या डोक्यात घालतोय. सहावीची काळजी त्यांनीच लिहिली आहे. अभ्यासाच्या नावाखाली खेळ बंद करताना निदान हे माहीत असावं.

जुना_पान

विषय निघालाच आहे तर थोडं मागे जातो. १९५१ साली दिल्लीत पहिल्या आशियाई स्पर्धा झाल्या, तेव्हा वॉटरपोलोचं सुवर्ण भारताने जिंकलं होतं. त्याच स्पर्धेत सचिन नाग यांनी १०० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण घेतलं. आशियाई स्पर्धेत पोहण्याच्या शर्यतीतलं भारताचं आजवरचं एकमेव सुवर्ण तेच. हेच नाग १९४८ ला लंडनमध्ये आणि १९५२ ला हेलसिंकीत भारताच्या ऑलिंपिक वॉटरपोलो संघात होते. म्हणजे एकच माणूस सकाळी शर्यत पोहायचा आणि नंतर चेंडूही खेळायचा, त्यात कुणाला विरोध दिसत नव्हता. पुढे १९७० ला बँकॉकमध्ये रौप्य आणि १९८२ ला दिल्लीत कांस्य. त्यानंतर आशियाई पदक नाही.

आसावरीताई, तुमच्या "आधी स्ट्रोक, मग चेंडू" या म्हणण्याला माझा विरोध नाही. पण पोहणं आणि वॉटरपोलो अशी फारकत झाल्यावर आपलं दोन्हीकडे काय झालं, याचा विचार व्हावा असं मला मनापासून वाटतं.

गौरी_फडके_नाशिक

मी आत्तापर्यंत वाचतच होते. कुणी खाण्याबद्दल का नाही लिहिलं? टँकवरून आलेलं मूल म्हणजे दोन माणसांचं जेवण! आमच्याकडे जाण्याआधी दीड तास काही जड नाही, एखादं केळं चालतं. आल्या आल्या गूळ-शेंगदाण्याचा लाडू हातात आणि मग आठ वाजता पूर्ण जेवण. आधी टँकबाहेरचा वडापाव व्हायचा, मग रात्री भाजी-पोळी नको व्हायची.

अण्णा_कोल्हापूर

टँकबाहेर वडापाव नसेल तर पोरं जायचीच नाहीत, गौरीताई.

गौरी_फडके_नाशिक

शनिवारी परवानगी आहे हो अण्णा.

मुक्ता_ठाणे

माझ्या मुलाचा डावा पाय जन्मापासून अशक्त आहे. जमिनीवरच्या प्रत्येक खेळात तो कडेला बसायचा आणि शिक्षक त्याला गुण मोजायला लावायचे. पाण्यात आम्ही त्याला व्यायाम म्हणून घातलं. आता तो टँकवरच्या क्लबमध्ये गोलकीपर आहे. एक पाय कमी जोर देतो म्हणून तो जरा तिरका उभा राहतो, पण हात लांब आहेत आणि नजर पक्की. त्याच्या सरांनी गोलच्या त्या बाजूला बचावाचा एक मुलगा जास्त जवळ ठेवलाय, बाकी काही वेगळं केलं नाही. इतर मुलांनी कधी विचारलंही नाही. गोल वाचला की सगळे मिळून त्याला पाण्यात बुडवतात, हा त्यांचा आनंद.

त्याला मी मुरलीकांत पेटकरांबद्दल सांगितलंय. आपल्या सांगली जिल्ह्यातले, १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, उपचार म्हणून पाण्यात उतरले आणि १९७२ ला हायडलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण घेऊन आले. भारताचं ते पहिलं पॅरालिंपिक सुवर्ण. पद्मश्री मिळायला २०१८ उजाडलं, याचा मला अजून राग येतो.

मेघनाताई, तुमच्या मुलीला शर्यतीत जागा नाही मिळाली. संघात मिळेल असं एका सरांना वाटतंय. ही फार मोठी गोष्ट आहे हो.

आसावरी_ज

मुक्ता, तुझा प्रतिसाद दोनदा वाचला. तुझ्या लेकाला माझ्याकडून खूप शाबासकी.

माझं स्ट्रोकबद्दलचं मत तेच आहे, पण मेघनाला आता थोडं वेगळं सांगेन. सरांना विचार, की त्या तीन दिवसांत स्ट्रोककडे खरंच लक्ष देतात का, की नुसतं "दहा राउंड मारा" सांगून कठड्यावर फोन बघत बसतात. एका लेनमध्ये किती मुलं असतात तेही बघ. लेनमध्ये गर्दी असेल तर पुढच्याच्या पायाला हात लागू नये म्हणून मुलं मान वर काढतात आणि स्ट्रोक तिथेच बिघडतो. त्याला चेंडू कारण नसतो.

मेघना_पुणे

सगळ्यांचे खूप खूप आभार. एवढ्या आपुलकीने लिहिलंत. सासूबाईंनाही धागा वाचून दाखवला. डॉक्टरांचा परिच्छेद त्यांनी परत वाचायला लावला आणि मग म्हणाल्या, "कानटोपी मी विणते."

काल संध्याकाळी टँकवर जाऊन पूर्ण वेळ बसले. शर्वरीची यादी हातात होती. चेंजिंग रूम वेगळी आहे, दाराला आतून कडी आहे, एक मावशी तिथे बसलेल्या असतात. मुलांच्या वेळेत मोठ्यांची बॅच नाही. पालकांना गॅलरीत बसू देतात. सर चेंडू खेळवत असताना जीवरक्षक वेगळा असतो का, हे मी मुद्दाम विचारलं, कारण सरांची नजर चेंडूवरच असणार. सध्या जीवरक्षक एकच आहे आणि तो दोन्ही बाजू बघतो. वॉटरपोलोच्या दिवशी खोल बाजूला स्वतंत्र माणूस हवा, असं मी आणि अजून दोन पालकांनी सांगितलं. सर म्हणाले, समितीपुढे ठेवतो. तो माणूस येईपर्यंत मी स्वतः खोल बाजूच्या कठड्यावर उभी राहणार आहे, आणि हे त्यांना सांगून आले.

आसावरीताई, लेनमध्ये सहा मुलं होती. सर एकेकाला थांबवून कोपर कसं वर हवं ते पाण्यात उतरून दाखवत होते.

नंदूदादा, तुम्ही लिहिलेली हात वर करून रुंदी पार करायची कसरत मुलं करत होती. माझी मुलगी नुसती बघायला आली होती, पण तिला राहवलं नाही. सरांनी तिलाही घेतलं. अर्ध्यात हात खाली आले, नाकातोंडात पाणी गेलं, खोकली, आणि परत हात वर केले. शेजारच्या मुलीने तिला "गुडघे उघड, गुडघे" असं ओरडून सांगितलं. बाहेर आल्यावर पहिला प्रश्न, "उद्या आहे का?"

तर मोठीचा अर्ज भरला आहे. तीन महिने बघू, दिवाळीनंतर ठरवू. धाकट्याला सरांनी अजून सहा महिने थांबायला सांगितलं, त्यावरून घरात रुसवा आहे. मनीषदादा, बादल्यांची कल्पना सरांना सांगितली, ते रविवारी करून बघतो म्हणाले.

आता शेवटचे दोन प्रश्न. कॉश्च्युम कुठला घ्यावा? आणि अजून काही लागतं का?

नंदू_पार्ले

मस्त! जीवरक्षकाचं तुम्ही बोललात ते सगळ्यात उत्तम केलंत. मागे लागून राहा, समित्यांना आठवण करून द्यावी लागते.

कॉश्च्युम अंगाला घट्ट बसणारा एकसंध घ्या, पाठीला झिप असलेला, खांद्याच्या पट्ट्या रुंद. फ्रिल, स्कर्ट, नाड्या काही नको, त्यात बोटं अडकतात. गुडघ्यापर्यंतचा हवा असेल तर सरावाला चालतो. वॉटरपोलोची टोपी क्लब देईल, तिला कानावर प्लास्टिकच्या वाट्या असतात. चेंडू कानावर बसला तर पडदा फाटू नये म्हणून त्या असतात, तेव्हा वाटी तुटलेली टोपी घेऊ नका, बदलून मागा. गॉगल पोहण्याच्या दिवशी, चेंडूच्या दिवशी नाही.

आणि नखं. हाताची आणि पायाची, दोन्ही. सामन्याआधी पंच प्रत्येकाची नखं तपासतात आणि वाढलेली असतील तर कठड्यावर बसून कापायला लावतात. बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात नेलकटर कायम ठेवा. अंगठ्या, कडं, कानातलं सगळं घरी.

शर्वरी_के

कानातलं आदल्या रात्रीच काढ मेघना. टँकवर काढलेलं एक तरी हरवतंच.

मेघना_पुणे

काढलं. नखंही कापली. धाकट्याने स्वतःचीही कापून घेतली आहेत, सरांना दाखवायला.